जाड अक्षर, तिरपे अक्षर
(चिखलोली येथील प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. अ पासून ज्ञ पर्यंत सगळी अक्षरे तुमच्या ओळखीची झाली. काना, मात्रा, वेलांटी यांचीही भीती गेली. तेव्हा आज मी नवे अक्षर शिकवणार नाही. जे अक्षर तुम्हाला येते, तेच कागदावर निरनिराळ्या रूपांत का दिसते, एवढेच सांगणार आहे.

हे बघा, 'क' हे अक्षर एकच. पण तो 'क' या पुस्तकात सरळ आणि मध्यम जाडीचा आहे. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर तोच 'क' चांगला जाडजूड आहे. आणि सेलच्या जाहिरातीत तो जाड तर आहेच, शिवाय एका बाजूला कललेला आहे. अक्षर तेच, उच्चार तोच, अर्थही तोच. मग हा फरक कशासाठी? छापणाऱ्याला शाई जास्त झाली होती काय?

तसे नाही. आपण बोलतो तेव्हा एकाच आवाजात बोलत नाही. मुलगा रस्त्यावर धावला की आपण मोठ्याने ओरडतो. कानात गुज सांगायचे तर आवाज हळू करतो. दुसऱ्याचे बोलणे सांगताना आवाज थोडा बदलतो. कागदाला आवाज नाही. म्हणून अक्षराच्या रूपाने तो आवाज दाखवावा लागतो. जाड अक्षर म्हणजे मोठा आवाज. तिरपे अक्षर म्हणजे बदललेला आवाज. आणि जाड असून तिरपे, म्हणजे धावता धावता मारलेली हाक.

ही हाक ऐकावी कशी आणि तिला भुलू नये कसे, हा आजचा विषय आहे.

अक्षराचे पाय

प्रथम इंग्रजी अक्षराकडे पाहू. कारण जाड-तिरप्या अक्षराची रीत तिकडून आली. तुमच्यापैकी पुष्कळांना इंग्रजी येत नसेल. हरकत नाही. आकार पाहायला भाषा लागत नाही.

इंग्रजी अक्षरे दोन तऱ्हांची दिसतात. एका तऱ्हेत अक्षराच्या काड्या साध्या, टोकाला काहीच नसलेल्या असतात. दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक काडीच्या खाली आणि वर लहानशी आडवी रेघ असते. जणू पायात वहाणा आणि डोक्याला टोपी. या लहान रेघेला इंग्रजीत सेरिफ म्हणतात. आपण तिला पाय म्हणू.

हे पाय फार जुने आहेत. रोम शहरात ट्राजन बादशहाचा एक दगडी स्तंभ आहे. तो सन ११३ चा. त्याच्या तळाशी कोरलेल्या लेखातील अक्षरांना असेच सुरेख पाय आहेत. छापखाने निघाल्यावर धातूची अक्षरे करणाऱ्यांनी तो नमुना उचलला. आजही इंग्रजी पुस्तके आणि वर्तमानपत्रे बहुधा पायांच्या अक्षरात छापलेली असतात. पायांमुळे ओळ सरळ धरली जाते, असे छापणारे मानतात.

दगडात कोरलेले अक्षर पाहायला आपल्याला रोमला जायला नको. आपल्या शेजारच्या अंबरनाथला शिवमंदिर आहे. तेथे शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळातला लेख आहे. तो शके ९८२ चा, म्हणजे सन १०६० चा. अक्षर नागरी आहे आणि भाषा संस्कृत. जवळजवळ हजार वर्षे झाली, तरी आपले आजचे अक्षर त्याच घराण्यातले आहे.

आपल्या अक्षराला मात्र पाय नाहीत. त्याला डोक्यावर रेघ आहे. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभे असते. आपले अक्षर वरच्या रेघेला टांगलेले असते, आढ्याला दोरीने शिंके टांगावे तसे. हा फरक लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

अक्षर तिरपे कसे झाले

छापील तिरपे अक्षर इटली देशात जन्मले. म्हणून त्याला इटॅलिक म्हणतात. व्हेनिस शहरात आल्डस मनुशियस नावाचा एक विद्वान छापखानेवाला होता. फ्रांचेस्को ग्रिफो नावाच्या कारागिराकडून त्याने नवे अक्षर कोरून घेतले आणि १५०१ साली व्हर्जिल या जुन्या कवीचे पुस्तक त्या अक्षरात छापले. पुस्तक लहान, हातात मावणारे.

ते अक्षर तिरपे का होते? तिकडचे शिकलेले लोक भराभर लिहीत, तेव्हा त्यांचे अक्षर असेच पुढे झुकलेले आणि एकमेकांना बिलगलेले येई. ग्रिफोने ते हाताचे अक्षर धातूत आणले. तेव्हा तिरपे अक्षर म्हणजे मुळात घाईने लिहिलेले हातचे अक्षर होय.

ही गोष्ट आपल्याला परकी नाही. आपल्याकडेही दोन अक्षरे होती. एक बालबोध, दुसरी मोडी. पोथी बालबोधीत लिहीत, हिशेब आणि पत्र मोडीत. मोडीत हात न उचलता ओळ पुरी करायची. अक्षरे मोडून एकमेकांत गुंतवायची. म्हणूनच कारकून आणि सावकार मोडी लिहीत. कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळचा जमिनीचा जुना कागद असेल, तर तो मोडीतच असण्याचा संभव आहे. मोडीचेसुद्धा छापायचे खिळे झाले होते. विल्यम कॅरी याने बंगालमधील श्रीरामपूर येथे १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, त्यात बालबोध अक्षर वापरले. पुढे १८१० साली मराठी शब्दकोश छापला, तो मोडी अक्षरात.

पण इटलीत जे झाले ते आपल्याकडे झाले नाही. तिकडे सुरुवातीला सबंध पुस्तक तिरप्या अक्षरात छापत. मग हळूहळू रीत अशी पडली की पुस्तक सरळ अक्षरात छापायचे आणि जेवढा शब्द वेगळा दाखवायचा तेवढाच तिरपा करायचा. सरळ आणि तिरपे एकाच ओळीत नांदू लागले. आपल्याकडे बालबोध आणि मोडी अशी एका ओळीत कधी नांदली नाहीत. पुढे छापखान्यात बालबोध राहिली आणि मोडी मागे पडली. म्हणून मराठीत तिरप्या अक्षराची जुनी परंपरा नाही. मराठीत वेगळा शब्द दाखवायचा तर तो अवतरणचिन्हांत घालतात किंवा जाड करतात.

अक्षर जाड कसे झाले

आता जाड अक्षर. हे तिरप्यापेक्षा पुष्कळ नवे आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात व्यापार वाढला. भिंतीवर जाहिराती लावण्याची पद्धत आली. दूरवरून दिसावी म्हणून अक्षरे जाड होऊ लागली. पण ही अक्षरे जाहिरातीपुरती होती. १८४५ साली लंडनच्या रॉबर्ट बेझ्ली याने क्लॅरेंडन नावाचे जाड अक्षर बाजारात आणले. ते साध्या मजकुराच्या ओळीत मिसळून वापरता येत असे. त्याचा मोठा उपयोग कशात झाला? शब्दकोशासारख्या पुस्तकात. जो शब्द शोधायचा तो जाड आणि त्याचा अर्थ साध्या अक्षरात. पान उघडले की नजर नेमकी त्या शब्दावर पडते.

आपल्याकडे असेच काम मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने केले. हा छापखाना जावजी दादाजी चौधरी यांनी १८६९ साली काढला. जावजींची गोष्ट तुम्ही मनात ठेवण्यासारखी आहे. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. लहानपणी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायच्या कामाला लागले. खिळे म्हणजे छापायची धातूची अक्षरे. ती घासता घासता अक्षराची पारख त्यांना झाली. पुढे राणूजी रावजी आरू या कसबी कारागिराच्या साहाय्याने त्यांनी असे सुबक खिळे तयार केले की संस्कृतचे पंडित निर्णयसागरच्या पोथ्या शोधून घेऊ लागले. त्या पुस्तकांत मूळ श्लोक मोठ्या ठसठशीत अक्षरात आणि त्यावरची टीका खाली लहान अक्षरात असे. मूळ कोणते आणि भाष्य कोणते, हे वाचणाऱ्याला विचारावे लागत नसे. अक्षरच सांगत असे.

अशा खिळ्याला मेहनत किती? आधी पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे. ते तांब्यात ठोकून साचा करायचा. त्या साच्यात शिसे, कथील आणि अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतायचा. मग एक खिळा तयार. इंग्रजीची अक्षरे थोडी. आपल्याला मात्र जोडाक्षरे आणि काना-मात्रा धरून शेकडो निरनिराळे खिळे लागत. प्रत्येक आकाराचा संच वेगळा. जाड हवे तर पुन्हा नवा संच. छापखान्यातले लोक जाड अक्षराला काळा टाइप म्हणत आणि तो जपून वापरत. तिरपा संच करणे तर त्याहून कठीण. आपली मात्रा वर आणि उकार खाली. सरळ खिळ्यातच त्यांना जागा देताना कारागिराचा जीव मेटाकुटीला येई. अक्षर कलते केले तर वरची मात्रा शेजारच्या खिळ्यावर जाऊन आदळणार. म्हणून तो खटाटोप सहसा कोणी केला नाही.

चार भावंडे

विसाव्या शतकात इंग्रजी अक्षरांची कुटुंबे करण्याची रीत पडली. एका कुटुंबात चार भावंडे. एक साधे, एक तिरपे, एक जाड आणि चौथे जाड-तिरपे. टाइम्स नावाचे प्रसिद्ध अक्षर लंडनच्या त्याच नावाच्या वर्तमानपत्राने ३ ऑक्टोबर १९३२ पासून वापरले. आज संगणकावर त्या अक्षराची चारही भावंडे मिळतात.

या चौथ्या भावंडाचा स्वभाव कसा आहे? त्याचे अंग काळे आणि भरलेले. ते उजवीकडे झुकते. किती झुकते? घड्याळाच्या तबकडीवर बारा आणि एक या आकड्यांच्या मधोमध एक काडी ठेवा. साधारण तेवढे. साध्या अक्षराचे पाय जमिनीला आडवे टेकलेले असतात. तिरप्या लहान अक्षराचे पाय तसे टेकत नाहीत. ते शेपटीसारखे वळतात, कारण लेखणी एका अक्षरातून दुसऱ्यात शिरताना तशी वळते. म्हणजे जाड अक्षराचे वजन आणि हातच्या अक्षराची चाल, दोन्ही त्यात आहेत. पहिलवानाने धाव घ्यावी तसे ते दिसते.

मग त्याचा खरा उपयोग कोठे? एक उदाहरण देतो. इंग्रजीत पुस्तकाचे नाव तिरप्या अक्षरात छापतात. प्राण्यांची आणि वनस्पतींची शास्त्रीय नावेही तिरपी छापतात. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाचे शास्त्रीय नाव एडिस इजिप्ती. इंग्रजी पत्रकात ते नाव तिरपे असते. आता समजा, हे नाव मथळ्यातच आले आणि मथळा तर सगळा जाड आहे. मग काय करायचे? जाड मथळ्यात बारीक तिरपे नाव घातले तर ते तुटून पडल्यासारखे दिसेल. म्हणून तेथे ते जाडही हवे आणि तिरपेही हवे. दुसरा उपयोग पोटमथळ्याचा. मोठा मथळा जाड केला. त्याच्या पोटात आणखी लहान भाग पाडायचे आहेत. त्यांची नावे जाड-तिरपी केली की वाचणारा समजतो, हा भाग त्या मोठ्या भागाच्या पोटातला आहे.

पाहा, दोन्ही ठिकाणी काम थोडे आहे, पण नेमके आहे. हे अक्षर एका शब्दाला, फार तर एका ओळीला शोभते. सबंध पान त्यात छापले तर डोळे शिणतात. सगळेच ओरडू लागले तर ऐकायचे कोणाचे? बाजारात असते तसे होते.

मराठीत जाड आणि तिरपे

आता मराठीकडे येऊ. आज धातूचे खिळे बहुतेक गेले. संगणकावर अक्षर जाड करायचे तर एक कळ, तिरपे करायचे तर दुसरी. पूर्वी जे करताना कारागिराला महिने लागत ते पोरगेसोरगे क्षणात करते. पण कळ दाबून वाकवलेले अक्षर वेगळे आणि मुद्दाम रेखलेले तिरपे अक्षर वेगळे. इंग्रजीत तिरपे अक्षर नव्याने रेखतात. काही अक्षरांचा आकारच बदलतो. मराठीत बहुधा सरळ अक्षर यंत्राने ढकलून कलते केलेले असते. त्यात अक्षराचे पोट तिरपे होते आणि काना कोसळल्यासारखा दिसतो.

जाणती मंडळी म्हणूनच जपून वागतात. मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्ट कंपनीसाठी मंगल नावाचे देवनागरी अक्षर केले. कितीतरी संगणकांवर मराठी मजकूर त्याच अक्षरात दिसत आला आहे. अलीकडे एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी मुक्ता नावाचे अक्षर केले. त्यात अगदी बारीकपासून खूप जाडपर्यंत सात जाडी आहेत. तिरपे मात्र त्यात नाही. मराठीचा आवाज चढवायला जाडी पुरते, असे आपण त्यावरून समजायला हरकत नाही.

नव्या वाचकाने जाड मराठी अक्षरात एक गोष्ट सांभाळायची असते. ती नीट ऐका. आपली पुष्कळ अक्षरे एका लहानशा रेघेने किंवा गाठीने वेगळी होतात. 'व' च्या पोटात रेघ मारली की 'ब' होतो. 'प' च्या पोटात रेघ मारली की 'ष' होतो. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यात फरक फक्त डोक्याजवळच्या रेघेचा आणि गाठीचा. अक्षर जाड झाले की पोट लहान होते. कागद हलका असला तर शाई फुटते आणि ती पोटातली रेघ बुजून जाते. मग 'बाट' की 'वाट', 'घर' की 'धर' असा घोटाळा होतो. त्यात अक्षर तिरपे असेल तर विचारूच नका.

असे झाले तर स्वतःला दोष देऊ नका. दोष तुमच्या डोळ्यांचा नाही आणि बुद्धीचाही नाही. छापणाऱ्याने अक्षर कोंडले आहे. अशा वेळी दोन गोष्टी करा. शब्द सुटा न वाचता सगळे वाक्य वाचा. अर्थावरून अक्षर कळते. आणि तोच शब्द त्याच कागदावर दुसरीकडे बारीक अक्षरात आला आहे का, ते पाहा. बहुधा आलेला असतो.

हाक आणि अट

आता मुख्य गोष्ट. जाड अक्षर हाक मारते. पण करार कशात लिहिलेला असतो? बारीक अक्षरात. जाड अक्षर बोलावते, बारीक अक्षर बांधते.

उल्हासनगरच्या बाजारात, अंबरनाथच्या स्टेशनाबाहेर, बदलापूरच्या नाक्यावर तुम्ही फलक पाहता. '५० टक्के सूट'. अक्षर जाड, तिरपे, लालभडक. धावत या, असे ते सांगते. त्याच्याशेजारी जरा वाकून पाहा. 'पर्यंत' असा एक बारीक शब्द सापडेल. '५० टक्क्यांपर्यंत सूट' याचा अर्थ एखाद्या वस्तूवर पन्नास, बाकीच्यांवर पाच किंवा दहा. तसाच दुसरा शब्द 'पासून'. '१९९ रुपयांपासून' म्हणजे सगळ्यात स्वस्त वस्तू १९९ ची. तुम्हाला हवी ती नव्हे. तिसरी खूण चांदणीची. मोठ्या आकड्याच्या डोक्यावर लहानशी चांदणी असते. तिचा अर्थ 'खाली पाहा'. खाली तशीच चांदणी असते आणि तिच्यापुढे लिहिलेले असते, 'अटी लागू'.

एक हिशेब मांडू. समजा, बारा हजारांचा फोन हप्त्याने घ्यायचा आहे. कागदावर जाड अक्षरात आहे, 'महिना फक्त १,१०० रुपये'. बारीक अक्षरात आहे, '१२ हप्ते' आणि 'फाइल खर्च ५०० रुपये'. अकराशे गुणिले बारा, झाले १३,२००. त्यात ५०० मिळवा. झाले १३,७००. म्हणजे बारा हजारांच्या वस्तूला १,७०० रुपये जास्त. जाड अक्षर खोटे बोलले का? नाही. अकराशेच लिहिले होते आणि अकराशेच घेतात. फक्त पुरते बोलले नाही. पुरते बोलण्याचे काम बारीक अक्षराकडे सोपवले होते.

अंगठा देणाऱ्या माणसाला फसवणे सोपे होते. त्याला काहीच वाचता येत नव्हते. ज्याला नुकते वाचता येऊ लागले आहे, त्याला फसवण्याची तऱ्हा वेगळी. त्याला मोठे अक्षर वाचू द्यायचे. ते वाचता आल्याच्या आनंदात तो खाली सही करतो. माझ्या भावांनो, मावशींनो, सही शिकलात याचा मला आनंद आहे. पण सही ही वाचनाच्या नंतरची गोष्ट आहे, आधीची नव्हे.

कायदा अक्षराचा विचार करतो

लहान-मोठ्या अक्षराने माणसाचे भले-बुरे होते, हे सरकारलाही पटलेले आहे. म्हणून अक्षराच्या आकाराबद्दल कायदे आहेत. थोडे सांगतो.

औषधाची गोष्ट घ्या. औषधाला दोन नावे असतात. एक कंपनीने ठेवलेले, दुसरे औषधाचे स्वतःचे. सप्टेंबर २०१८ पासून नियम असा झाला की, काही प्रकार सोडता, औषधाचे स्वतःचे नाव कंपनीच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठे छापले पाहिजे. म्हणजे निरनिराळ्या कंपन्यांचे एकच औषध ओळखता यावे आणि स्वस्त ते मागता यावे.

तंबाखू आणि विडी-सिगारेटच्या पाकिटावर धोक्याची सूचना असते. १ एप्रिल २०१६ पासून ती पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग व्यापेल एवढी मोठी करावी लागली.

दुकानाच्या पाट्यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. २०२२ साली महाराष्ट्राने कायदा सुधारला. पाटीवर देवनागरीत मराठी हवे आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेच्या अक्षरापेक्षा लहान असता कामा नये. नुसते 'मराठी लिहा' म्हटले असते तर कोपऱ्यात मुंगीएवढे लिहिले असते. म्हणून आकाराची अट घालावी लागली.

आणि कर्जाची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने असे ठरवले की घरगुती आणि लहान धंद्याचे कर्ज देताना बँकेने किंवा कर्ज देणाऱ्या कंपनीने मुख्य गोष्टींचा एक वेगळा सुटसुटीत कागद द्यावा. तो कर्ज घेणाऱ्याला समजणाऱ्या भाषेत असावा. व्याज आणि बाकीचा आकार धरून वर्षाला एकूण किती टक्के पडतात, ते त्यात असावे. कर्ज सात दिवसांचे किंवा त्याहून लांब मुदतीचे असेल, तर त्या कागदावरच्या अटी विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात. तेव्हा कोणी म्हणाले, 'आत्ताच सही करा, ऑफर आज संपते', तर शांतपणे म्हणा, 'साहेब, मला मुख्य माहितीचा कागद मराठीत द्या. वाचून सांगतो.' असे म्हणायला लाज वाटून घेऊ नका. तो तुमचा हक्क आहे.

तुम्ही लिहाल तेव्हा

शेवटी लिहिण्याबद्दल. तुम्ही आता नुसते वाचणारे नाही. बचत गटाची सूचना, मंडळाचा फलक, शेजाऱ्याला चिठ्ठी, हे तुम्हीच लिहिणार. तेव्हा जाड अक्षराचा उपयोग तुम्हालाही करावा लागेल. हाताने लिहिताना अक्षर जाड करायचे तर खडू आडवा धरा, किंवा पेनाने तेच अक्षर दोनदा गिरवा, किंवा खाली रेघ ओढा. तिरपे करू नका. मराठीला त्याची गरज नाही आणि नव्या वाचकाला त्याचा त्रास होतो.

जाड काय करायचे? ज्याच्यावाचून वाचणाऱ्याचे नुकसान होईल तेवढेच. पाणी बंद राहणार असेल तर फलकावर चार ओळी असतात. दुरुस्तीचे काम, कोणती वाडी, विनंती, खाली सही. यात जाड करायचे ते एवढेच: 'मंगळवारी सकाळी पाणी येणार नाही.' ते वाचून बाई सोमवारी रात्री हंडे भरून ठेवील. 'आपले नम्र' हे शब्द जाड केले तर तिच्या काय उपयोगाचे? पुष्कळ फलकांवर पाणी कधी येणार हे बारीक असते आणि सूचना देणाऱ्याचे नाव जाड असते. तसा फलक तुम्ही लिहू नका.

आणि दुसऱ्याकडून जे पुरते बोलणे मागता, ते आपणही करा. गटाची वर्गणी शंभर रुपये आणि उशीर झाला तर दंड दहा रुपये असेल, तर दंडही वर्गणीएवढ्याच अक्षरात लिहा. जे बारीक अक्षरात लपवावेसे वाटते, ते मुळात ठरवलेलेच चुकीचे असण्याचा संभव असतो.

उद्यापासून एक सवय लावून घ्या. हाती कागद आला की आधी जाड अक्षर वाचा, कारण ते विषय सांगते. मग थांबा. मग कागदातले सगळ्यांत बारीक अक्षर शोधा आणि ते सावकाश, बोट ठेवून वाचा. चष्मा लागत असेल तर लावा. न लागला शब्द तर विचारा. हे दोन्ही वाचून झाल्यावर मधला मजकूर वाचा. आणि मग ठरवा, सही करायची की कागद परत द्यायचा.

कागद परत देता येणे, हेही वाचता येण्याचेच फळ आहे. ते तुम्हा सर्वांना मिळो, एवढे म्हणून मी थांबतो.

करून पाहा

१. घरातील एखादे औषधाचे पाकीट घ्या. औषधाचे स्वतःचे नाव कोणते आणि कंपनीने ठेवलेले नाव कोणते, ते ओळखा.
२. बाजारातील तीन फलक वाचा. त्यांत 'पर्यंत', 'पासून' किंवा चांदणी कोठे आहे, ते शोधा.
३. महिना ९०० रुपये, हप्ते १५, फाइल खर्च ३०० रुपये. एकूण किती रुपये द्यावे लागतील?
४. आपल्या बचत गटाच्या सभेची सूचना पाच ओळींत लिहा. त्यातील एकच ओळ जाड करा. तीच ओळ का निवडली, ते वर्गात सांगा.